वऱ्हाड निघालं भटकायला!

पाहुणे साठ, विधी दोन आणि मोकळे तास वीस! छोट्या लग्नाच्या वीकेण्डला जमलेल्या मंडळींना नुसतं खुर्च्यांवर बसवून ठेवायचं, की त्यांना बूट घालायला लावायचे? 'तिथे आहेच काय' म्हणून ज्याच्याकडे कुणी बघत नाही, त्या शहाडमधून निघणाऱ्या काही झकास वाटा...

लग्न ठरलं की पहिला प्रश्न असतो, 'किती पानं उठणार?' पूर्वी या प्रश्नाचं उत्तर पाचशेच्या खाली आलं की घरातली मोठी माणसं नाराज व्हायची. आता चित्र बदललंय. एप्रिल 2021 मध्ये करोनाच्या निर्बंधांत लग्नाला फक्त 25 माणसं आणि दोन तास, असा नियम आला तेव्हा सगळ्यांनी कपाळावर हात मारला होता. निर्बंध गेले, पण एक गोष्ट अनेकांच्या लक्षात राहिली. कमी माणसांत लग्न लागतं, छान लागतं आणि आलेल्या प्रत्येकाशी दोन शब्द बोलताही येतं. रजिस्टर लग्नाला तर 30 दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार पुरतात. मग जवळची पन्नास-साठ माणसं बोलवायची, दोन दिवस एकत्र राहायचं, असा बेत आखणारी जोडपी आपल्या आसपास दिसू लागली आहेत.

पण बॉस, खरी गोची इथेच सुरू होते. पाचशे माणसांच्या लग्नात पाहुणा येतो, स्टेजसमोरच्या रांगेत उभा राहतो, पाकीट देतो, जेवतो आणि 9.42ची लोकल पकडतो. साठ माणसांच्या लग्नात तो शुक्रवारी रात्री येतो आणि रविवारी संध्याकाळपर्यंत थांबतो. विधी म्हणाल तर शनिवारची हळद आणि रविवारचं लग्न. उरलेल्या वेळात काय करायचं? नागपूरची आत्या एका कोपऱ्यात, बंगलोरचे ऑफिसवाले मित्र दुसऱ्या कोपऱ्यात, नवऱ्याकडचे काका मोबाइलमध्ये आणि नवरीकडचे मामा झोपलेले. दोन घरं जोडायला म्हणून आलेली माणसं दोन दिवस आपापल्या घोळक्यात राहून परत जातात.

आता जरा तुमच्या ऑफिसचं ऑफसाइट आठवा. एचआरवाले तुम्हाला कुठल्यातरी रिसॉर्टवर नेतात, अकाउण्ट्सवाल्यांना मार्केटिंगवाल्यांच्या टीममध्ये घालतात आणि दोरी ओढायला लावतात. तिथे जाताना आपण नाकं मुरडतो. पण सोमवारी अकाउण्ट्समधला तोच माणूस तुमचं बिल एका दिवसात पास करतो की नाही? एकत्र घाम गाळला की माणसं लवकर मोकळी होतात. हा फंडा ऑफिसात चालतो, तर लग्नात का नाही चालणार?

आजीला विचारा!

'लग्नात कसले खेळ?' असं कुणी म्हटलं, तर त्यांना सरळ घरातल्या आजीकडे पाठवा. चार-चार दिवस चालणाऱ्या जुन्या लग्नांत वऱ्हाड नुसतं बसून राहत नव्हतं. हळदीच्या पाण्यात अंगठी शोधायची, एका हाताने सुपारी सोडवायची, दातांनी विड्याचा तुकडा तोडायचा, उखाणे घ्यायचे. रात्री बायका झिम्मा-फुगडीचा फेर धरायच्या. मुलाकडचे आणि मुलीकडचे एकमेकांची टिंगल करायचे आणि त्यातूनच ओळखी व्हायच्या. आमच्या या ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या आगरी लग्नांत तर हळद म्हणजे अख्ख्या गावाचा नाच! तिथे धवला गाणारी धवलारीण विधी पुढे नेते आणि बॅण्डवर पहाटेपर्यंत पाय थांबत नाहीत.

मग लग्न एका दिवसावर आलं, पुढे एका हॉलच्या चार तासांवर आलं आणि खेळ गळून पडले. फोटोग्राफरसाठी अंगठीचा खेळ तेवढा उरला. आज छोट्या लग्नाच्या निमित्ताने दोन दिवस परत मिळत असतील, तर गळालेली गोष्ट नव्या कपड्यांत परत आणायला काय हरकत आहे?

शहाडला आहेच काय?

शहाड म्हणजे कल्याण सोडल्यावर कसाऱ्याच्या दिशेने येणारं पहिलं स्टेशन. एका बाजूला कल्याण-डोंबिवली, दुसऱ्या बाजूला उल्हासनगर. अनेकांसाठी हे नाव म्हणजे सेंच्युरी रेयॉनची कंपनी आणि मुरबाडकडे जाणारा फ्लायओव्हर. पण ठाणे, भिवंडी किंवा मीरा-भाईंदरहून येणाऱ्या पाहुण्यांना एक गंमत सांगा. तुमच्याकडच्या 'स्टेम'च्या पाणीपुरवठ्याचं नावच मुळात शहाड आणि टेमघर या दोन गावांवरून पडलंय. उल्हास नदीचं पाणी इथून उचललं जातं, टेमघरला शुद्ध होतं आणि मग तुमच्या नळाला येतं. म्हणजे शहाडचा पाहुणचार तुम्ही कधीपासूनच घेताय!

शिवाय शहाडची जागा बघा. कल्याण जंक्शन एका स्टेशनावर. तिथून एक फाटा कर्जतकडे, दुसरा कसाऱ्याकडे. मुरबाड रोड थेट माळशेज घाटाकडे निघतो. देऊळ, नदी, किल्ला, जंगल, सगळं अर्ध्या दिवसाच्या टप्प्यात. रिसॉर्टच्या भाड्यात जेवढे पैसे जातात, त्याच्या चिमूटभर खर्चात साठ माणसं फिरवता येतात.

आधी टाइमटेबल, मग उत्साह

समजा, शनिवारी संध्याकाळी हळद आहे आणि रविवारी दुपारी बाराचा मुहूर्त. पाहुणे शुक्रवारी रात्री पोहोचतायत. मग भटकंतीसाठी सोन्यासारखी वेळ एकच, शनिवारची सकाळ. साडेसहाला निघा, साडेदहा-अकरापर्यंत परत या. जेवण, दुपारची झोप आणि संध्याकाळी हळदीला सगळे फ्रेश.

रविवारी सकाळी काहीही ठेवू नका. हळदीच्या रात्री दोन वाजेपर्यंत नाचलेल्या माणसाला सहाला उठवणं हा गुन्हा आहे. शिवाय केस, मेकअप, साड्या, फेटे, मुंडावळ्या हे सगळं त्याच सकाळी असतं. एखादा मामा हौसेने गडावर गेला आणि मुहूर्ताला मुलीचा मामाच गायब, असं झालं तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल. ज्यांना लांबचा ट्रेक करायचाय, त्यांनी सोमवारची रजा टाकावी आणि लग्नानंतर जावं.

आणखी एक. रविवार म्हटलं की मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आलाच. तो कुठे आहे ते शनिवारीच बघा आणि मुंबईकडून येणाऱ्या पाहुण्यांना कळवून टाका. कसारा मार्गावर लोकल तशाही कमी असतात. एक चुकली की पुढचीसाठी चांगलीच वाट बघावी लागते. त्यामुळे 'सात वाजता भेटू' असं सांगू नका, 'अमुक वाजून तमुक मिनिटांची लोकल, दहा मिनिटं आधी प्लॅटफॉर्मवर' असं सांगा.

वाट पहिली : सगळ्यांसाठी टिटवाळा

शहाडहून आंबिवली आणि मग टिटवाळा. दुसरं स्टेशन. तिकीट वडापावापेक्षा स्वस्त. तिथला महागणपती लग्नाच्या मंडळींसाठी एकदम परफेक्ट, कारण त्याला 'विवाहविनायक' म्हणूनही ओळखतात. कण्व ऋषींचा आश्रम इथे होता आणि दुष्यंताने विसरलेल्या शकुंतलेने गणपतीची पूजा केल्यावर तिचा संसार पुन्हा जुळला, अशी इथली कथा. पेशवाईत तलावाचा गाळ काढताना मूर्ती सापडली आणि मग देऊळ उभं राहिलं, असं सांगतात. लग्न जमावं म्हणून इथे नवस बोलणारे खूप. तुमच्या ग्रूपमधल्या उरलेल्या सिंगल मंडळींना काय ते समजेलच!

यात व्यायाम कुठे आहे? तर जाताना स्टेशनपासून देवळापर्यंत चालत जा. चारच्या टोळ्या करा. प्रत्येक टोळीत दोघं मुलाकडचे, दोघं मुलीकडचे. पोहोचेपर्यंत प्रत्येकाने समोरच्या बाजूच्या तीन माणसांची नावं, गाव आणि नवरा-नवरीशी नातं शोधून काढायचं. परत आल्यावर नाश्त्याला क्विझ. 'नवरीच्या धाकट्या मावशीचे मिस्टर कुठे नोकरीला?' हा प्रश्न ऐकून जो हशा पिकतो, तो कुठल्याही अँकरला पिकवता येणार नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी स्टेशनबाहेर रिक्षा आहेतच. फक्त मंगळवार, संकष्टी आणि अंगारकी टाळा. त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

सकाळी एवढंही नको असेल, तर शहाडचंच बिर्ला मंदिर आहे. कोरीव दगडी बांधणीचं हे विठ्ठल-रखुमाईचं देऊळ. आजी-आजोबांना रिक्षाने न्या, बाकीच्यांनी पायी या. तासाभरात परत.

वाट दुसरी : दगडातली शोधाशोध

इतिहासप्रेमी पाहुण्यांसाठी अंबरनाथ. शहाडहून कल्याणला यायचं, गाडी बदलायची आणि कर्जत-बदलापूरच्या दिशेने तिसरं स्टेशन. तिथलं शिवमंदिर शिलाहार राजांच्या काळातलं. शिलालेखातलं वर्ष शके 982, म्हणजे इसवी सन 1060. साडेनऊशे वर्षांहून जुनं देऊळ आपल्या लोकलच्या टप्प्यात आहे आणि आपण हम्पीचे फोटो लाइक करत बसतो!

सभामंडपातून गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. बाहेरच्या भिंती मूर्तींनी भरलेल्या. इथे खेळ सोपा आहे. प्रत्येक टोळीला दहा गोष्टींची यादी द्या. गणपती शोधा, हत्तींची रांग शोधा, नाचणारी बाई शोधा, वाद्य वाजवणारा शोधा. मूर्तींना हात लावायचा नाही, त्यांच्यावर चढायचं नाही, फक्त मोबाइलमध्ये फोटो काढायचा. बच्चेकंपनी यात सगळ्यांत पुढे असते आणि तिच्यामागे धावून धावून मोठ्यांचाही व्यायाम होतो. महाशिवरात्रीच्या आसपास लग्न असेल तर मात्र इकडे फिरकू नका. मोठी जत्रा भरते.

पाहुणे कल्याणला उतरले असतील तर आणखी जवळचा पर्याय, कल्याणातला पायी फेरफटका. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीशी स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात जोडली गेली. खाडीकाठचा दुर्गाडी त्याची आठवण आहे. भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक, आनंदीबाई जोशी, यांचा जन्म 1865 मध्ये याच कल्याणात झाला. हे सगळं कल्याणच्याच एखाद्या निवृत्त मास्तर काकांना सांगायला लावा. दोन दिवस 'मला काही काम द्या रे' म्हणत फिरणाऱ्या काकांना यापेक्षा चांगलं काम नाही.

वाट तिसरी : टर्फवर धिंगाणा

चालणं बोअर वाटणाऱ्यांसाठी बॉक्स क्रिकेट. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरात जाळी लावलेली टर्फ झालीयत आणि ती तासावर मिळतात. सहा-सहाच्या टीम, पाच ओव्हर, अंडरआर्म बोलिंग. दोन तासांत चार मॅचेस सहज होतात.

पण एक नियम पाळाच. 'वरपक्ष विरुद्ध वधूपक्ष' अशी मॅच लावू नका! ऐकायला भारी वाटतं, पण एका रनआउटवरून दोन व्याही हुज्जत घालू लागले की हळदीपर्यंत तोंडं फुगलेली राहतात. चिठ्ठ्या टाका आणि टीम मिक्स करा. प्रत्येक टीममध्ये निदान दोन मुली हव्यात, पंधरा वर्षांखालचा एक हवा आणि पन्नाशीच्या वरचा एक हवा. मोठ्या माणसाने मारलेल्या रन्स डबल. मग बघा, काकांना बॅटिंगला पाठवायला पोरं कशी भांडतात ते.

टर्फ मिळालं नाही, तर हॉलबाहेरचं मोकळं मैदानही चालेल. लगोरी, लंगडी, डब्बा ऐसपैस, रस्सीखेच, खो-खो. खो-खोला गावठी म्हणू नका हं! जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्डकप झाला, तो भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही टीमनी जिंकला आणि दोन्हींचे कॅप्टन, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, मराठीच. शाळेत खो-खो खेळलेल्या तुमच्या मावशीला एकदा मैदानात उतरवा. ती कितीजणांना बाद करते ते मोजत बसा.

याहून हटके काही हवं असेल तर लेझीम. 1982च्या एशियाडमध्ये दिल्लीकरांनी टाळ्या वाजवलेला हा आपला खेळ बहुतेकांनी शाळेत निदान एकदा तरी हातात घेतलेला असतो. ओळखीच्या शाळेकडून किंवा मंडळाकडून लेझमी मागून आणा, एखाद्या पीटीच्या सरांना विनंती करा आणि शनिवारी सकाळी तासभर प्रॅक्टिस करा. रविवारी नवरदेव मांडवात येताना पुढे दोन्हीकडची मंडळी लेझीम खेळत येतायत, हे दृश्य कुठल्याही डीजेपेक्षा भारी. कोरिओग्राफरचे पैसेही वाचले!

वाट चौथी : गड, पण लग्नानंतर

ट्रेकर मित्र आले की ते गडाचं नाव काढणारच. आसनगावजवळचा माहुली इथून लोकलने गाठता येतो. निजामशाही वाचवण्याच्या धडपडीत शहाजीराजांनी 1636 मध्ये याच माहुलीचा आसरा घेतला होता. पण समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटरच्या घरात उंची आणि दमवणारी चढण. सवयीच्या माणसाचाही अख्खा दिवस जातो. त्यामुळे लग्नाच्या आदल्या दिवशी माहुलीचा माथा नको. ज्यांना राहवतच नाही, त्यांनी पायथ्याच्या जंगलातून तासभर चालून यावं.

मुरबाडकडचा गोरखगड तर आणखी नाजूक. वरच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत आणि बाजूला दरी. फोटोत जबरदस्त दिसतो, पण पहिल्यांदा ट्रेकला आलेल्या चुलतभावाला तिथे नेणं शहाणपणाचं नाही. ग्रूपचा वेग त्यातल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्यावर ठरतो, हे ट्रेकिंगमधलं पहिलं सूत्र. लग्नाच्या ग्रूपमध्ये तो हळू चालणारा नक्की असतोच, आणि बहुतेक वेळा त्याने कालच घेतलेले नवे बूट घातलेले असतात.

पाणी बघायचं ते लांबून

आता जरा सीरियस होऊ या. 30 जून 2024, रविवार. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या हडपसर भागातून आलेल्या एका कुटुंबातले पाचजण वाहून गेले. एक बाई आणि चार मुलं. घरातल्या लग्नाच्या निमित्ताने जमलेली ही मंडळी सहलीला निघाली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. एकमेकांना धरून प्रवाहात उभ्या असलेल्या त्या माणसांचा व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यांनी काही वेडं धाडस केलं नव्हतं. पाणी कमी असताना ती आत उतरली होती. वर डोंगरात पाऊस पडला, लोंढा आला आणि बाहेर पडायला वेळच मिळाला नाही.

लग्नाच्या ग्रूपसाठी हा धोका जास्तच असतो. का? एक तर माणसं खूप, त्यात लहान मुलं, आणि कोण कुणाकडे बघतंय ते ठरलेलं नसतं. 'तो त्याच्या आईजवळ असेल' असं सगळ्यांनाच वाटत असतं. दुसरं, पाहुणे बाहेरगावचे. त्यांना इथल्या पाण्याची सवय नसते. आणि तिसरं, उत्सवाचा मूड. नाही म्हणणारा माणूस तेव्हा रंगाचा बेरंग करणारा ठरतो.

उल्हास नदी उन्हाळ्यात किती गरीब दिसते! तीच नदी 27 जुलै 2019 रोजी एवढी फुगली, की बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. रायते पूल पाण्याखाली गेला की मुरबाड रोड बंद होतो, हे इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. खडवलीला भातसा नदीवर सहलीला गेलेल्यांच्या बुडण्याच्या बातम्या तर उन्हाळ्यातही येतात. वरून शांत दिसणाऱ्या पाण्यात खाली डोह असतात.

सुदैवाने पंचांग आपल्या बाजूने आहे. चातुर्मासात पारंपरिक मुहूर्त नसतात. तुळशीचं लग्न लागलं की मग माणसांची लग्नं सुरू होतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच भटकंतीचे सगळ्यांत छान महिने. पण रजिस्टर लग्नाला चातुर्मास आडवा येत नाही. तुमचं लग्न जुलै-ऑगस्टमध्ये असेल तर धबधबे, धरणं, नदीकाठ यादीतून सरळ काढून टाका. धोक्याच्या जागांवर पावसाळ्यात जिल्हा प्रशासन बंदीचे आदेश काढतं, ते पोलिसांना चुकवण्यासाठी नसतात. एप्रिल-मेमध्ये दुसरा शत्रू, ऊन. मुरबाड-बदलापूर पट्ट्यात पारा चाळिशी पार करतो. तेव्हा सकाळी नऊच्या आत सावलीत परत यायचं आणि पाण्याबरोबर लिंबू-मीठ-साखर जवळ ठेवायची.

मागे कोण राहतं?

या सगळ्यात एक प्रश्न कुणी विचारत नाही. 'पोरं' गडावर जातात तेव्हा पोरी कुठे असतात? बऱ्याच घरांत उत्तर ठरलेलं. करवली मेंदीवाल्या ताईंना फोन करतेय, वहिनी पाहुण्यांच्या चहाचं बघतेय, वरमाय आणि तिच्या जावा रुखवत मांडतायत. बूट घालून निघतात ते भाऊ, भाचे आणि त्यांचे मित्र. मग दोन दिवसांनी 'काय मजा आली यार' असं म्हणणारे सगळे पुरुष आणि 'पाय मोडून गेले' म्हणणाऱ्या सगळ्या बायका.

हे टाळणं अवघड नाही. शनिवारी सकाळचा नाश्ता बाहेरून मागवा. पोहे-चहाची ऑर्डर देणारे शेकड्यांनी आहेत. मेंदी शुक्रवारी संध्याकाळीच उरकून घ्या, म्हणजे सकाळी हात मोकळे. आमंत्रण पाठवतानाच 'एक ड्रेस आणि चालायचे बूट आणा' असं लिहा, नाहीतर सुटकेसमध्ये चार साड्या आणि हिल्सच्या सँडल्सच निघतात. आणि नवरीलाही न्या हो! तिला घरात डांबून ठेवायची गरज नाही. ऊन लागायच्या आत परत येणाऱ्या टिटवाळ्याच्या फेरीने कुणाचा रंग उतरत नाही.

तसंच मोठ्या माणसांचं. 'आजी, तुम्ही आराम करा' हे वाक्य प्रेमाने म्हटलं तरी त्याचा अर्थ 'तुम्ही यात नाही' असाच होतो. त्यांना स्कोअरर करा, क्विझमास्तर करा, रिक्षाने पुढे पाठवून देवळाच्या पायऱ्यांवर स्वागताला उभं करा. ज्याला खरंच झोपायचंय, त्याला मात्र झोपू द्या. दाढदुखीपासून घटस्फोटापर्यंत कुणाच्या मनात काय चाललंय आपल्याला माहीत नसतं. यायचं-न यायचं ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडा. सक्तीची मजा आपल्याला ऑफिसात पुरेशी मिळते.

खर्चाचंही तेच. ज्यांनी बोलावलं त्यांनीच भटकंतीचे पैसे भरावेत. पाहुण्याने रजा टाकलीय, तिकीट काढलंय, आहेर आणलाय. त्याच्याकडे टर्फचे दोनशे रुपये मागणं बरं दिसत नाही. झेपत नसेल तर फुकटातली लगोरी निवडा, ती टर्फपेक्षा जास्त हसवते.

चौकट : निघण्याआधी एवढं कराच

- दहा माणसांमागे एक लीडर. माणसं मोजणं हे त्याचंच काम. गाडीत चढताना एकदा, उतरल्यावर एकदा, परत निघताना एकदा.
- बारा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे एका मोठ्या माणसाचं नाव आधीच ठरवा आणि मोठ्याने वाचून दाखवा.
- लीडर मुलाकडचा असेल तर मदतनीस मुलीकडचा.
- नवरा-नवरी, त्यांचे आई-वडील आणि भटजी यांच्यापैकी कुणालाही लीडर करू नका. त्यांना दुसरी कामं आहेत.
- पाणी, ग्लुकोज, क्रेप बँडेज, पोटदुखीचं आणि डोकेदुखीचं औषध एका सॅकमध्ये. ती सॅक सगळ्यांत शेवटी चालणाऱ्याकडे.
- रिटर्न तिकिटं आधीच काढा. गर्दीत बायका लेडीज डब्यात आणि बाकीचे जनरलमध्ये जाणार असतील, तर उतरायचं स्टेशन सगळ्यांना पाठ हवं.
- दारू घेतलेला माणूस गडावर नाही, पाण्याजवळ नाही, गाडीच्या स्टिअरिंगवर तर नाहीच. हळदीच्या रात्रीनंतर हे आणखी कडक पाळा.
- हॉलवर एक माणूस ठेवा, ज्याला ग्रूप कुठे आहे आणि कधी परत येणार हे माहीत आहे.
- वेळ संपली की परत. 'अजून थोडं पुढे' हे शब्द ऐकू आले की समजायचं, आता फिरायची वेळ झाली.

नाती काय बोलून होतात?

लग्नात मुलाकडच्या आणि मुलीकडच्या माणसांनी एकमेकांशी बोलावं म्हणून आपण सीमांतपूजन करतो, भेटी करतो, व्याह्यांची गळाभेट घडवतो. त्या गळाभेटीचा फोटो छान येतो, पण दोघांनाही एकमेकांची नावं नीट आठवत नसतात. पुढे चार महिन्यांनी कुणाला हॉस्पिटलात दाखल करायचं असतं, कुणाची बदली होते, कुणाचं बाळंतपण येतं. तेव्हा फोन उचलला जातो तो ओळखीचा. नवरीचा भाऊ आणि नवऱ्याची बहीण एका टीममध्ये खेळले असतील, तिच्या कॅचमुळे तो सामना जिंकला असेल, तर तो फोन करायला संकोच वाटत नाही. 'हां, ती कॅचवाली!' एवढी ओळख पुरते.

नव्या घरात जाणाऱ्या मुलीसाठी तर याची किंमत फार मोठी आहे. सोमवारी सकाळी ती ज्या स्वयंपाकघरात चहा करायला उभी राहणार, तिथल्या दोन-तीन माणसांबरोबर ती शनिवारी टिटवाळ्याच्या रस्त्यावर तासभर चाललेली असेल, तर पहिलाच चहा परक्या घरातला वाटत नाही.

तेव्हा मंडळी, येत्या तुळशीच्या लग्नानंतर तुमच्या ग्रूपमध्ये कुणाचा नंबर असेल, तर हॉल आणि केटररच्या यादीत आणखी एक ओळ वाढवा. 'शनिवार सकाळ, साडेसहा, शहाड स्टेशन.' आणि हो, पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' लिहिता, त्याच्या खाली लिहून टाका, 'बूट मात्र जरूर आणावेत!'